सरावाचा नियम आणि खेळाचे मैदान

शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला थॉर्नडाइक यांचे तीन नियम पाठ असतात: तयारीचा नियम, सरावाचा नियम आणि परिणामाचा नियम. वर्गात यांपैकी कोणता नियम किती पाळला जातो हा वेगळा विषय आहे. मैदानावर मात्र राज्य चालते ते सरावाच्या नियमाचे. उद्दीपक आणि प्रतिसाद यांची जोडी जितक्या वेळा जुळेल तितका त्यांच्यातील बंध पक्का होतो, असे हा नियम सांगतो. क्रीडाशिक्षकाच्या तोंडी त्याचे रूप अगदी साधे असते: "आणखी शंभर वेळा कर, जमेल." शंभर वेळा करूनही जमले नाही, तर पुढचे वाक्यही ठरलेले असते: "याच्या अंगात खेळच नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये काय हरवते, त्याची चिकित्सा या लेखात करण्याचा आमचा विचार आहे.

पहिली गोष्ट अशी की, हा नियम ज्यांनी मांडला त्यांनीच तो पुढे मूळ स्वरूपात सोडून दिला. १९२९ पासून पुढच्या काळात थॉर्नडाइक यांनी केवळ पुनरावृत्तीने शिक्षण होते हे आपले मत जाहीरपणे बदलले. त्यामागे त्यांचे स्वतःचे प्रयोग होते. एका प्रयोगात डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीला चार इंच लांबीची रेषा एका झटक्यात काढायला सांगण्यात आले. अनेक बैठकांत मिळून अशा तीन हजार रेषा काढून घेतल्या. प्रत्येक रेषा प्रत्यक्षात किती लांब झाली हे मात्र तिला कधीच सांगितले नाही. शेवटच्या बैठकीतील रेषा पहिल्या बैठकीतील रेषांपेक्षा काही अधिक अचूक नव्हत्या. 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच जरी सांगितले, तरी मात्र सुधारणा दिसू लागते, असे अशाच अन्य प्रयोगांत आढळले. म्हणजे शिकवण्याचे काम पुनरावृत्ती करीत नव्हती, तिच्यानंतर मिळणारी माहिती करीत होती. शिक्षणशास्त्रात या माहितीला आपण प्रत्याभरण म्हणतो. परीक्षेच्या नोट्समध्ये नियम राहिला, दुरुस्ती मात्र गळून पडली.

हा प्रयोग कोणत्याही वर्गात पंधरा मिनिटांत करता येतो. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत, डोळे बांधून दहा सेंटिमीटरच्या वीस वीस रेषा काढायला सांगाव्यात आणि एकाच गटाला दर वेळी चूक किती झाली ते सांगावे. नंतर पट्टीने मोजून दोन्ही गटांची सरासरी चूक फळ्यावर मांडली, की पुढचा सगळा लेख मुलांना निम्मा समजलेला असेल.

यावर कोणी म्हणेल, की मैदानावर मुलाचे डोळे उघडे असतात आणि चेंडू कुठे पडला हे त्याला दिसतेच. आक्षेप रास्त आहे. पण मुलाला जे दिसते ते फळ, कारण नव्हे. चेंडू यष्टीच्या बाहेर गेला हे कळते, कोपर कधी वाकले हे कळत नाही. खो-खोत गडी निसटला हे कळते, आपण उठायला उशीर केला की पहिले पाऊल चुकीचे टाकले हे कळत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी पाहून सांगावे लागते.

मैदानावरची वस्तुस्थिती

वऱ्हाडात वेळेचे गणित आधीच अवघड असते. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. लगेच पाऊस येतो. काळ्या मातीचे मैदान एकदा भिजले की चार दिवस पाय टाकू देत नाही. पावसाळा सरता सरता तालुका पातळीच्या स्पर्धा येऊन ठेपतात. म्हणजे कोरडे दिवस मोजकेच, मुले चाळीस, शिक्षक एक आणि शिट्टी एक. दोन फेऱ्या पळणे, थोडे हातपाय हलवणे आणि मग दोन संघ पाडून खेळ सोडून देणे, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वेळ थोडा असेल तर तो कसा वापरावा, हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

आणि प्रश्न केवळ ढाल जिंकण्याचा नाही. गुणवंत खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरातील मुलामुलींना ही वाट मोलाची वाटते. ती वाट शाळेच्या संघातून सुरू होते. अकराव्या वर्षी "अंगात खेळ नाही" असा शिक्का बसलेले मूल त्या वाटेच्या तोंडाशीही पोहोचत नाही.

अमरावतीचा वारसा: काय घ्यावे, काय तपासावे

वऱ्हाडात हा विचार परका नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. अशा आखाड्यांतून जोपासल्या गेलेल्या मल्लखांबाकडे शिक्षणशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर काही गोष्टी लक्षात येतात.

मल्लखांबातील हालचालींना स्वतंत्र नावे आहेत: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा. नाव असले की शिक्षक आणि विद्यार्थी एकाच गोष्टीविषयी बोलू शकतात. अढी पक्की झाल्याशिवाय पुढचे धरायचे नाही असा क्रम आहे. शिवाय लाकडाचा खांब स्वतःच तत्काळ प्रत्याभरण देतो, कारण पकड चुकली की शरीर घसरते. नावे, क्रम आणि प्रत्याभरण या तिन्ही गोष्टी जुन्या परंपरेत आहेत. आमच्या शाळांतील खो-खो किंवा क्रिकेटच्या सरावात मात्र "नीट पळ", "लक्ष दे", "जोर लाव" अशा सूचना ऐकू येतात. त्यांत उत्साह असतो, माहिती नसते.

परंतु परंपरेवरही टीका करायला हवी. तिचे ज्ञान वस्तादाच्या डोळ्यांत साठलेले असते. तो काय पाहतो ते लिहिले जात नाही, म्हणून ते दुसऱ्याला तपासता येत नाही. वस्तादाचा सल्ला उपयोगी पडला की नाही, याचा हिशोब क्वचितच ठेवला जातो. विज्ञानाने भर घालायची ती येथे.

निरीक्षण म्हणजे नुसते पाहणे नव्हे

खो-खोचे उदाहरण घेऊ. बसलेला एक गडी 'खो' मिळाल्यावर हळू उठतो, म्हणून त्याला सुस्त ठरवले जाते. या 'हळू'चे दोन भाग आहेत. आवाज किंवा स्पर्श कळून हालचाल सुरू होईपर्यंतचा काळ हा एक भाग आणि उठून पहिले पाऊल पडेपर्यंतचा काळ हा दुसरा. पहिल्याचा अंदाज पट्टीच्या प्रयोगाने येतो. वरून सोडलेली पट्टी मुलाने चिमटीत पकडायची. ती २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२ सेकंद गेले आणि ३० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२५ सेकंद. नववीच्या मुलांना हे मुक्त पतनाच्या सूत्राने स्वतः काढता येईल. हा प्रयोग डोळ्यांचा आहे, कानाचा नव्हे, तरी तुलनेसाठी तो चालतो. दुसऱ्या भागासाठी साध्या मोबाइलवरचे चित्रण पुरे. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या चित्रणात एक चित्र म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. 'खो' मिळाल्यापासून पाऊल पडेपर्यंत किती चित्रे गेली ती मोजायची.

यातून निघणारा निष्कर्ष मुलाच्या भवितव्याचा असतो. पट्टीच्या प्रयोगात तो इतरांइतकाच चपळ निघाला आणि उठण्यातच वेळ जात असला, तर दोष त्याच्या 'अंगा'त नसून बसण्याच्या पद्धतीत असण्याचा संभव अधिक. दोन्ही चवडे समांतर ठेवून बसणे आणि एक चवडा मागे ठेवून बसणे या दोन्ही पद्धती खो-खोत वापरतात. त्याला कोणती मानवते हे आठवडाभरात करून पाहता येते. समोरचा गडी सेकंदाला सहा मीटर पळत असेल, तर ०.२ सेकंदात तो १.२ मीटर पुढे जातो. तेवढ्या अंतरात गडी टिपला जातो किंवा निसटतो.

नुसत्या आठवणीवर विसंबणे धोक्याचे आहे. कॅनडातील फ्रँक्स आणि मिलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुटबॉल सामन्याच्या एका अर्धात घडलेल्या घटना पाहणाऱ्यांना नंतर आठवायला सांगितल्या, तेव्हा निम्म्याहूनही कमी घटना अचूक सांगता आल्या. भावना भडकवणारे प्रसंग लक्षात राहतात, बाकीचे पुसले जातात. म्हणून लिहून ठेवण्याला पर्याय नाही. गडी कुठे बाद झाला, कसा बाद झाला आणि त्याआधी त्याने काय केले, असे तीन रकाने आखलेला कागद राखीव खेळाडूच्या हाती दिला तरी काम होते.

पण लिहिलेले आकडेही फसवतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप या गृहस्थांनी १९५० पासून शेकडो फुटबॉल सामन्यांच्या नोंदी हाताने केल्या. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात असे त्यांना आढळले आणि त्यावरून चेंडू लांबवर भिरकावून खेळावे या विचाराला बळ मिळाले. त्यात एक गोष्ट सुटली होती. खेळातील बहुतेक चाली मुळातच तीन पासच्या आत संपत असतात, मग गोलही त्यांतूनच जास्त होणार. ह्यूज आणि फ्रँक्स यांनी २००५ मध्ये चालींच्या संख्येशी प्रमाण लावून पाहिले, तेव्हा जास्त पासच्या चालींतून गोल होण्याचे प्रमाण उलट अधिक दिसले. हीच चूक आपल्याकडे सहज होईल. समजा, ३० पैकी १८ गडी खांबाजवळ बाद झाले. खांब धोक्याचा, असे म्हणण्याआधी गडी एकूण वेळापैकी किती वेळ खांबाजवळ होते ते पाहायला हवे. तो वेळही साठ टक्केच असेल, तर खांबाचा काही दोष नाही.

विज्ञानाच्या पुस्तकातले अर्धे ज्ञानही तपासावे लागते. गोळा ४५ अंशांच्या कोनात फेकला की सर्वांत लांब जातो, असे अनेक शिक्षक ठामपणे सांगतात. ते सूत्र जमिनीवरून सुटणाऱ्या आणि कोणत्याही कोनात सारखाच वेग मिळणाऱ्या वस्तूसाठी आहे. खेळाडूचा गोळा खांद्याच्या वरून सुटतो आणि कोन जसा वाढतो तसा माणसाच्या हाताला देता येणारा वेग घटतो. म्हणून चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन ४५ अंशांपेक्षा बराच कमी, बहुधा चाळिशीच्या आत असतो. ४५ अंशांचा हट्ट धरणारा शिक्षक मुलाची फेक आखूड करतो.

सरावाची रचना

रचनेविषयी तीन प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आम्हांस वाटते.

केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये मुलांना लहान पिशव्या नेमक्या जागी फेकण्याचा सराव दिला. आठ वर्षांच्या मुलांची परीक्षा तीन फुटांवर होती. एका गटाने तीन फुटांवरच सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवर केला आणि तीन फुटांवर एकदाही केला नाही. परीक्षेत दुसरा गट सरस ठरला. अंतर बदलत राहिल्याने मुले एक फेक पाठ करण्याऐवजी अंतर आणि जोर यांचा संबंध शिकली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

गूड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्याने ठरावीक क्रमाने आणि तिसऱ्याने तिन्ही प्रकार मिसळून सराव केला. काही काळाने घेतलेल्या चाचणीत आणि कोर्टाची बाजू बदलून घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव करणारा गट पुढे होता.

विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये हाताच्या एका हालचालीचा प्रयोगशाळेत सराव दिला. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितलेल्या गटापेक्षा, हळूहळू कमी करीत निम्म्या प्रयत्नांनंतरच चूक सांगितलेल्या गटाला नंतरच्या चाचणीत अधिक चांगले जमले. प्रत्याभरण हवेच, पण दर वेळी तयार मिळाले की मूल स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकत नाही.

यांतील समान धागा असा, की आजच्या सरावात छान दिसणे आणि आठवड्यानंतर जमणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकच फटका पन्नास वेळा मारणारा मुलगा संध्याकाळी फार सफाईने मारतो आणि शिक्षक समाधानाने घरी जातो. सामन्यात मात्र चेंडू पन्नास वेळा तसाच येत नाही. म्हणून सरावाची परीक्षा सरावाच्या शेवटी न घेता दोन-तीन दिवसांनी घ्यावी.

या प्रयोगांनाही मर्यादा आहेत. प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष खेळात मिसळलेल्या सरावाचा फायदा कमी दिसतो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांनी दाखवले आहे. अगदी नवख्या मुलाला हालचालीचा साधा आकारच बसला नसेल, तर आधी थोडे घोटणे सोयीचे ठरते. मल्लखांबातील क्रमाचे मोल येथे पुन्हा ध्यानात येते.

दहा हजार तासांचे मिथक

जुन्या सरावाच्या नियमाने अलीकडे नवा वेष घेतला आहे. कोणत्याही विषयात प्रावीण्यासाठी दहा हजार तास लागतात, हे वाक्य पालकसभांपासून प्रेरक व्याख्यानांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या शोधनिबंधात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतील उत्कृष्ट व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकांत सरावाची सरासरी त्यात सुमारे दहा हजार तास निघाली होती. ती सरासरी होती, किमान मर्यादा नव्हती, आणि वादकांनी स्वतः आठवून सांगितलेल्या अंदाजांवर आधारलेली होती. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने तिचा नियम केला. खुद्द एरिक्सन यांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचा भर तासांवर नव्हताच, तर उणीव हेरून तिच्यावर गुरूच्या देखरेखीखाली केलेल्या सरावावर होता.

२०१४ साली मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळातील कामगिरीच्या फरकांपैकी सुमारे १८ टक्के फरक अशा हेतुपूर्वक सरावाशी निगडित आढळला. उरलेल्यात शरीररचना, सुरुवातीचे वय, संधी आणि मोजमापातील चुका असे अनेक घटक येतात. कोणता अभ्यास 'हेतुपूर्वक सराव' म्हणून मोजावा यावर एरिक्सन यांचा आक्षेप होता आणि तो वाद पुढेही चालू राहिला. पण तास भरले की खेळाडू तयार, हे विधान दोन्ही बाजूंना मान्य नाही.

यशस्वी खेळाडूकडे बोट दाखवण्यातही हाच दोष आहे. जितेश शर्मा अमरावतीचा आणि अथर्व तायडे अकोल्याचा, याचा आम्हांलाही अभिमान वाटतो. पण त्यांच्यासारखाच सराव करून पुढे न आलेली मुले किती, हे माहीत असल्याशिवाय त्यांच्या सरावातील कोणती गोष्ट कामाची होती हे सांगता येत नाही. ती मुले वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून हिशोबातही येत नाहीत.

अकोल्याच्या वावरातून एक धडा

मग शिक्षकाने कशावर विश्वास ठेवावा? उत्तर अकोल्यातच आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या तेथील कृषी विद्यापीठाने (आजचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) एखादे नवे वाण एका वावरात चांगले आले म्हणून शेतकऱ्यांना दिले, तर आपण त्यावर हसू. यंदा पीक आले ते बियाण्याने, पावसाने की त्या वावरातल्या कसदार मातीने? हे वेगळे करण्यासाठी शेतीशास्त्रज्ञ जमिनीचे तुकडे पाडतात, कोणत्या तुकड्यात कोणते वाण ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतात, जुने वाण शेजारीच लावतात आणि प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. कपाशीच्या वाणाला आपण लावतो ती कसोटी आपल्या मुलांच्या सरावाला का लावू नये?

चोवीस मुले असतील तर आधी सर्वांची एक चाचणी घ्यावी, उदाहरणार्थ दहा मीटरवरून एका यष्टीवर वीस फेकी. सारख्या गुणांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतील कोण कोणत्या गटात, ते चिठ्ठीने ठरवावे. एका गटाने एकाच अंतरावरून, दुसऱ्याने बदलत्या अंतरांवरून तेवढ्याच फेकी तीन आठवडे कराव्यात. तीन दिवस थांबून पुन्हा चाचणी घ्यावी. गुण मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातील हे माहीत नसावे. दोन्ही गटांची चाचणी एकाच दिवशी, एकाच वेळी व्हावी, कारण सकाळी सातची हवा आणि दुपारचे ऊन यांत वऱ्हाडात फार अंतर आहे. आणखी एक सावधगिरी हवी. पहिल्या चाचणीत सर्वांत मागे पडलेली मुले दुसऱ्यांदा बहुधा थोडी वर येतातच, कारण पहिल्या वेळी दुर्दैवाचाही वाटा असतो. तुलनेचा गट नसेल तर याचे श्रेय आपण आपल्या रागावण्याला देऊन मोकळे होतो.

चोवीस मुलांवरून नियम सिद्ध होणार नाही. पण अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील दहा शाळांनी हाच प्रयोग याच पद्धतीने करून आकडे एकत्र केले, तर आपल्या मुलांविषयी, आपल्या मैदानांवर मिळालेली माहिती हाती येईल. बाहेरच्या विद्यापीठांतील निष्कर्ष आपल्याकडे किती लागू पडतात हेही तेव्हाच कळेल. विज्ञान आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून करावे असे हे काम आहे. आलेख काढणे, सरासरी काढणे आणि चित्रण मोजणे ही कामे नववी-दहावीची मुले आनंदाने करतील.

शिक्षक मित्रांना आमची एवढीच सूचना आहे. एखाद्या मुलाला संघातून वगळण्यापूर्वी त्याच्या नावाचा एक कागद करावा. त्याच्या चुकीचा नेमका भाग कोणता, ती सुधारण्यासाठी त्याला कोणता सराव दिला आणि काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत काय आढळले, हे त्यावर लिहावे. तो कागद कोरा असेल, तर त्या मुलाच्या अंगात खेळ आहे की नाही हे अजून कोणी पाहिलेलेच नाही.